स्टार्टाची मूठ

“स्टार्ट कुणाचापन असूंदे, माझा नको.”

हे तुळसाचं बोलणं. लावणीला बायका चिखलात उतरायला उभ्या राहिल्या की ती बांधावरून हे म्हणायची. लग्नाच्या पंगतीत कुणी हात धरून पहिल्या पाटाकडे ओढलं की हात सोडवून घेत हेच म्हणायची. कुंभार नवी मडकी घेऊन आला, गावात नवा वैदू आला, पालीच्या नाक्यावर कोऱ्या रंगाची एस.टी. येऊन उभी राहिली, तरी तिचं तेच. आधी दुसऱ्या कुणाला चढू दे, पिऊ दे, खाऊ दे. त्याचं काय होतंय ते डोळे बारीक करून बघायचं, आणि मग आपण. देवळातला प्रसादसुद्धा ती गुरवाच्या तोंडाकडे नीट बघून झाल्यावरच जिभेवर ठेवायची. बाजारात मासळी घेताना कल्ला उघडून बघायची, आणि तो लाल दिसला तर रंग लावलेला नाही ना म्हणून बोट घासून बघायची.

‘स्टार्ट’ हा शब्द तिला शाळेत मिळालेला नव्हता. शाळेच्या पायरीला तिचा पाय कधी लागला नाही. आधी ती “पयला कोणीपन जावंदे” असं म्हणे. पालीत भाताची गिरणी आली आणि तिच्या तोंडातल्या ‘पयल्या’ला उठवून त्या जागी ‘स्टार्ट’ येऊन बसला. कसा बसला, आणि त्यापायी एका भल्या माणसाची अब्रू कशी टांगणीला लागली, ते सांगायचं तर आधी साकवाचं सांगायला हवं.

तुळसा जन्मताच संशयी नव्हती. खालच्या वाडीला ती सून म्हणून आली तेव्हा हसरी, भाबडी पोर होती. वाडी आणि पालीचा बाजार यांच्यामध्ये एक पऱ्या वाहतो. पावसाळ्यात तो कुणाचं ऐकत नाही. पावसाळा सरला की वाडीतले पुरुष त्याच्यावर साकव घालतात. दोन लांब ओंडके, वर बांबूच्या कामट्या, रानवेलींनी आवळून बांधलेल्या. साकव बांधून झाला की नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि कुणीतरी पहिल्यांदा पलीकडे जाऊन परत यायचं. त्या वर्षी सासू म्हणाली, “नव्या सुनेचा पाय चांगला. तिलाच पयली जावंदे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तुळसाला वाटलं, केवढा मान! हिरव्या चुड्याचे हात जोडून तिनं पऱ्याला नमस्कार केला, पदर खोचला आणि निघाली. मध्यावर गेली न गेली तोच उजवीकडचा ओंडका कडकन मोडला.

पाणी कमरेएवढंच होतं म्हणून जीव वाचला. पण डावा पाय दोन खडकांत सापडला, तो पुढे जन्मभर जरासा तिरकाच पडत राहिला. तिला पाण्यातून वर काढत असताना मागच्या दोन म्हाताऱ्यांचं हळू आवाजातलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“तरी मना वाटला हुता, तो ओंडका गेल्या सालचा हाय.”

“मग बोललास का नाय?”

“कुनीतरी चालून बगनारच हुता की.”

त्या दिवसापासून कुणी तुळसाला चांगलं म्हटलं की तिच्या डाव्या पायात कळ यायची. पाय चांगला, हात चांगला, जीभ चांगली, असं गोड बोलून माणसं दुसऱ्याला ओंडक्यावर चढवतात आणि आपण काठावर उभी राहतात, ही तिची खूणगाठ. नवरा काशीराम मुंबईला गोदीत होता, तो शिमग्याला तेवढा यायचा. घर, गोठा, शेत सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. आणि एकटीनं राहणाऱ्या बाईला संशय हा कुत्र्यासारखा उपयोगी पडतो. तो रात्रंदिवस दारात बसून असतो.

*

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा पालीच्या आप्पाशेटनी आपल्या दुकानामागे जांभ्या चिऱ्यांची खोली बांधली आणि मुंबईहून भाताची गिरणी मागवली. आगबोटीनं ती रत्नागिरीच्या बंदरात उतरली आणि तिथून लॉरीत बसून पालीला आली. तोवर आपल्याकडे तांदूळ घरच्या व्हायनात, जमिनीत पुरलेल्या उखळात, मुसळानं सडलेला. पहाटे घराघरांतून मुसळांचा आवाज यायचा, बायकांचे तळवे घट्ट्यांनी भरलेले असायचे. त्यामुळे गिरणी येणार म्हटल्यावर बायकांना आनंद झाला आणि लगोलग संशयही आला. एवढं कष्टाचं काम यंत्र फुकट थोडंच करणार? काहीतरी गिळणारच.

इंजिनाबरोबर इंजिन चालवणारा आला, गुलाम रसूल. तो खाडीकाठच्या गावचा. उमेदीची वर्षं त्यानं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. तिथल्या धडधडीनं त्याचे कान गेले. उजवा पुरता, डावा अर्धा. म्हणून बोटीवरून त्याला उतरवलं. घरी बायको खतिजा, लग्नाची एक मुलगी. अर्ध्या कानाच्या इंजिनवाल्याला दुसरं कोण ठेवणार? आप्पाशेटनी ठेवला, तेव्हा त्यानं दोन्ही हात उचलून दुवा दिला होता. बाजारामागे एका खोलीत तो राही आणि गुरुवारी संध्याकाळी गावाकडे जाई. शुक्रवारी गिरणी बंद. इंजिन बिघडतंय का हे तो कानानं ऐकायचा नाही. तळवा इंजिनावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा, वैद्यानं नाडी बघावी तसा.

गिरणीच्या पहिल्या दिवशी अर्धी पंचक्रोशी जमली होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, लोकांनी “होय महाराजा” म्हटलं, नारळ फुटला, चाकाला हळदकुंकू लागलं. रसूल बाजूला हात बांधून अदबीनं उभा होता. मग त्यानं हँडल लावलं, अंगातला सगळा जोर काढून चाक फिरवलं आणि ओरडला, “स्टार्ट!”

स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यानं तो ओरडला की पार नाक्यावर ऐकू जायचं. इंजिनानं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि ते चालू झालं. चिऱ्यांची भिंत थरथरली. एक कोंबडी जी पळाली, ती म्हणे संध्याकाळीच घरी आली.

आप्पाशेट म्हणाले, “चला, पहिली टोपली कोणाची?”

कुणी हललं नाही. बायकांच्या रांगेत एक बातमी आधीच येऊन बसली होती. कोल्हापूरकडच्या कुणीतरी सांगितलं होतं की यंत्राच्या पोटात पहिलं भात अडकून राहतं आणि ते काही परत येत नाही. एकमेकींच्या पाठी सरकत सरकत रांगेचं तोंड होतं तिथं शेपूट झालं. आप्पाशेट वैतागले. त्यांची नजर उंच, हाडकुळ्या तुळसावर पडली.

“तुळसे, तू घाल बघू. तुझा हात चांगला.”

तुळसाच्या डाव्या पायात कळ आली.

“नको आप्पानू,” ती म्हणाली. मग रसूलकडे वळून मोठ्यानं, “भाईनू, तुमी मगाशी काय वरडलात?”

“स्टार्ट!”

“तोच तो. स्टार्ट कुणाचापन असूंदे, माझा नको.”

हशा पिकला. पण भात कुणी ओतेना. मग तुळसाच म्हणाली, “एकीचंच कशाला जावंदे? जाईल ता समद्यांचा जावंदे. एकेक मूठ घाला टोपलीत. ती टोपली यंत्राला. मग रांग लावा.”

हे सगळ्यांना पटलं. एकेक बाई पुढे आली, पदर सावरला, मूठभर भात टोपलीत टाकलं, कुणी जाता जाता हात कपाळाला लावला. तुळसाची मूठ सगळ्यांत लहान होती, बोटं आवळून घातलेली. काय बोलणं चाललंय ते रसूलला ऐकू गेलं नव्हतं. इंजिन त्याच्या कानाशी धडधडत होतं. नारळ फुटल्यावर बायका मुकाट्यानं येऊन मूठ घालताहेत एवढं त्यानं बघितलं, टोपली अदबीनं दोन्ही हातांनी उचलली आणि यंत्राच्या तोंडात ओतली.

तरी मुठींच्या मागून पहिलं कोण, हा प्रश्न उरलाच. तेव्हा गोदा पुढे झाली. गोदा तुळसाच्या शेजारची, गोल चेहऱ्याची, मऊ बोलण्याची. बाजारातल्या दोन-चार घरांचं भातही तीच डोक्यावरून आणून भरडून द्यायची, त्यामुळे पुढे ती जवळजवळ रोजच गिरणीवर असे.

“असूंदे,” गोदा म्हणाली, “मीच घालतंय. पोटात जागा उरली असली तर माजा जाईल. समद्यांसाठी मी सोसतंय.”

सगळ्यांनी गोदाची वाहवा केली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. रोज सकाळी रसूलची आरोळी, मग मुठींची टोपली, मग गोदा, मग बाकीच्या.

शब्द म्हणजे शेळीसारखा. एकदा दावं सुटलं की कुठल्या कुंपणात शिरेल सांगता येत नाही. आधी स्टार्ट म्हणजे रसूलची आरोळी. मग इंजिनाची पहिली उचकी. मग बायका त्या मुठीलाच स्टार्ट म्हणू लागल्या. “तुजी स्टार्ट घातलीस काय गो?” “माजी स्टार्ट घरीच ऱ्हायली, तुज्यातली जरा दे.” पुढे शेतात लावणीला स्टार्ट झाला, लग्नाला स्टार्ट झाला, जावाजावांच्या भांडणाला स्टार्ट झाला. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आले, त्यांनी विचारलं, “स्टार्ट म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाला?” तेव्हा एका म्हातारीनं त्यांना सुनावलं, “आमाला नको शिकवू. स्टार्ट म्हंजे मूठभर भात.”

*

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी भाद्रपद-आश्विनात भात चांगलं पिकलं, दिवाळीनंतर गिरणीवर रांगा लागल्या, आणि त्या रांगेत उभ्या उभ्या तुळसाच्या डोक्यात एक विचार शिरला.

यंत्राचं पोट केवढं? दोन हातांच्या कवेत मावेल एवढं. त्यात रोज सकाळी मुठींची एक टोपली जाते. रोज. मग ते पोट भरत कसं नाही?

ती घरी गेली, तांदूळ निवडायला बसली, तरी हाच विचार. गुरांना पेंढा घालताना हाच विचार. माणसाचं पोट रिकामं होतं, कारण माणूस रानात जातो. यंत्र कुठं जातं? ते तर जागचं हलत नाही. म्हणजे कुणीतरी ते रिकामं करतं. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर तिथं कोण असतं?

विहिरीवर हंडा भरताना तिनं हे नुसतं पुटपुटलं. शेजारी गोदा होती.

गोदानं इकडेतिकडे बघितलं. “तू म्हनतस म्हनून सांगतंय हां. रसूलभाय सांजचा निगतो तवा त्येच्या काखेत बोचका असता. तू कदी बगलंस नाय?”

“बोचका?”

“मी काय बाय बोलत नाय कुनाला. मना काय कळता? पन तुजा डोळा बारीक, तू बगून ये. तुलाच दिसंल.”

तुळसानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरच्या पारावर बसून बघितलं. उन्हं खाली आली. इंजिनाची धडधड थांबली तशी बाजारावर एकदम शांतता पडली, जणू कुणी जड पांघरूण घातलं. थोड्या वेळानं रसूल बाहेर आला. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, आणि काखेत गाठ मारलेलं बोचकं. त्यानं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि मशिदीच्या वाटेनं निघून गेला. दिवसभर तेलावंगणात बरबटणारा माणूस, आणि संध्याकाळी असा पांढराशुभ्र? तुळसाला त्या पांढरेपणाचाच संशय आला.

मग ती बोलली. विहिरीवर बोलली, बांधावर बोलली, देवळाच्या पायरीवर बोलली. “आपन मूठ मूठ घालायची नि ह्यानं बोचका भरून न्यायचा.” पालीच्या बाजारात गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. आठवड्यात ती पंचक्रोशीभर झाली. कुणी म्हणालं, बोचकं मोठं होतं. कुणी म्हणालं, दोन बोचकी होती. कुणी म्हणालं, त्याच्या मुलीच्या लग्नाची तयारी आमच्या स्टार्टावर चाललीय. बायकांनी गिरणी सोडली. पहाटे पुन्हा मुसळांचे आवाज येऊ लागले. पालीत ही गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे गुलाम रसूल. त्याला ती ऐकूच गेली नव्हती. रिकाम्या गिरणीच्या दारात बसून तो चाकाला तेल घालत राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सलाम करायचा. बायका माना फिरवायच्या.

शेवटी आप्पाशेटनी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. ते ओरडणं सगळ्या बाजारानं ऐकलं. आप्पाशेट म्हणाले की कोल्हापूरकडचा एक माणूस तयार आहे, पण निवाडा झाल्याशिवाय तुला काढणार नाही. रसूलनं हातातलं तेलाचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, “आप्पानू, बाजाराच्या दिवशी समद्यांसमोर खोला. माजा बोचका खोला, यंत्राचा पोट खोला. काय निगाला तर मी इथनं तोंड काळा करतो. पोरीच्या लग्नाआदी माज्या नावावर तांदळाचा डाग नको.”

*

बाजाराच्या दिवशी सकाळी, निवाडा होऊन गिरणी सुरू झालीच तर म्हणून, तुळसा डोक्यावर भाताची टोपली घेऊन निघाली, तेव्हा वाटेवर तिला दोन अनोळखी बायकांनी थांबवलं.

“तूच ना गो ती? रसूलभाईचा स्टार्ट तूच केलंस ना?”

तुळसा जागच्या जागी थबकली. स्टार्ट? तिचा? साकवाच्या त्या दिवसानंतर एकदाही जिनं पहिलं पाऊल टाकलं नाही, तिच्या नावावर ही गोष्ट? तिनं मागे वळून आठवायचा प्रयत्न केला. पोटाचा विचार तिचा होता, तो कबूल. पण बोचकं? बोचकं तिला कुणी दाखवलं? आणि दाखवताना काय म्हटलं होतं? तुजा डोळा बारीक. तुलाच दिसंल.

डाव्या पायातली कळ गुडघ्यापर्यंत आली. पाय चांगला, हात चांगला, डोळा बारीक. तुळसाला आपण कुठं उभ्या आहोत ते कळलं. पुन्हा त्याच ओंडक्यावर, मध्यावर, आणि काठावर गोल चेहऱ्याची गोदा.

गिरणीपुढे माणसांची दाटी होती. आप्पाशेट खुर्चीवर बसले होते. रसूलनं स्वतःच बोचकं आणून मध्ये ठेवलं आणि गाठ सोडली. आत तेलानं काळा झालेला सदरा आणि लुंगी. दुसरं काही नाही.

“नमाजाला अशा कपड्यांनी कसा जाऊ?” तो म्हणाला. “हितं बदलतो. हे खोलीवर नेऊन धुतो.”

लोकांत कुजबुज झाली. आप्पाशेट सुटल्यासारखे हसले आणि आपल्या दुकानातल्या दादूला म्हणाले, “झाड रे एकदा, सगळ्यांना दिसू दे.” दादूनं सदरा उचलून झटकला. आणि दुमडलेल्या बाहीतून, खिशाच्या शिवणीतून तांदळाचे दाणे खाली पडले. फार नाहीत, चिमटीभर. पण शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते पांढरे दाणे साऱ्यांना दिसले.



“बगा!” मागून गोदा म्हणाली. “आता काय सांगाल? खिशातनं नेतो म्हंजे.”

रसूलला ते ऐकू गेलं नाही. पण त्यानं दाणे बघितले आणि चेहरे बघितले. त्याचा हात नकळत मागे गेला आणि थंड, बंद इंजिनावर टेकला, जणू तिथून काही ऐकू येईल.

तुळसा गर्दीतून पुढे निघाली. तिला पुढे येताना बघून लोकांनी वाट करून दिली. आता ही त्याला सोडत नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडावर लिहिलेलं. तिरक्या पायानं ती मध्ये येऊन उभी राहिली, डोळे बारीक करून तिनं दाणे बघितले, वाकून एक उचलला, दाताखाली धरून बघितला. मग तिनं कमरेचा ओचा सोडला आणि झटकला.

तांदूळ सांडले. सदऱ्यातून सांडले त्याहून जास्तच.

“ह्ये माजं,” ती म्हणाली. “मी गिरनीवर येऊन मैना झाला. ह्यो ओचा त्या दिवसापासनं धुतलाय कितीदा तरी. दुमडीत बसलेला दाना जात नाय. मी घटकाभर तितं उभी ऱ्हायलंय तर येवडा. ह्यो मानूस उगवतीपासनं मावळतीपर्यंत तितं उभा असतो. त्येच्या अंगावर काय फुलं पडतील?” आणि बायकांकडे वळून, “काय गो, बगत काय ऱ्हायलात? झाडा आपापला पदर.”

आधी एकीनं लाजत झटकला. दुसरीनं झटकला. मग हसू फुटलं आणि सगळ्याच पदर, ओचे, डोक्यावरच्या चुंबळी झटकू लागल्या. जिच्या तिच्या पायाशी दाणे पडले. चिमण्या उतरायला लागल्या. गोदानं तेवढा पदर अंगाभोवती घट्ट घेतला होता.

पण तुळसाचा संशय एवढ्यावर निवणारा नव्हता. ती रसूलच्या डाव्या बाजूला गेली आणि त्याच्या कानात ओरडली, “भाईनू, बोचक्याचा झाला. आता पोटाचा सांगा. रोज टोपलीभर स्टार्ट आत जाता. मग पोट भरत का नाय?”

रसूलनं तिच्याकडे बघितलं. मग यंत्राचं झाकण काढलं. सगळे वाकले. पोट काठोकाठ भरलेलं होतं, तांदूळ आणि भात एकत्र.

“भरलेलाच हाय,” तो म्हणाला. “पयल्या दिवशी भरला. तवापासनं भरलेलाच.” त्यानं झाकण लावलं, वरच्या तोंडात एक मूठ भात टाकलं आणि हातानं चाक फिरवलं. खालच्या नळीतून मूठभर तांदूळ पडला. “वरनं जेवडा घालाल तेवडा खाली येनार. आत जागा कुटं हाय?”

आप्पाशेट खुर्चीवरून उठले. “म्हणजे रोजच्या मुठींची गरजच नव्हती?”

“यंत्राला? नाय.”

“मग दोन वर्षं घेत का राहिलास बाबा?”

रसूल गोंधळला. “मना वाटला, तुमच्यातला देवाचा असता. नारळ फोडलात, गाऱ्हाना घातलात, बायांनी हात कपाळाला लावून मूठ घातलान. देवाचा देना. मी परका मानूस, त्यात कसा बोलू?”

 मग एका म्हातारीनं तोंडावर पदर धरला. “आगं बाय! आनि आमाला वाटला, यंत्राचा देना हाय!”

हसणं जे सुरू झालं ते नाक्यापर्यंत गेलं. आप्पाशेट डोळे पुसत होते. तुळसा मात्र हसत नव्हती. ती खालच्या नळीकडे बघत होती. वरून टोपलीभर घातलं तर खाली तेवढं आलंच पाहिजे. मुठींच्या मागून लगेच कोणाची टोपली ओतली जायची? तेव्हा नळीखाली कोणाची टोपली लावलेली असायची?

तिनं मान वळवली. तिच्या नजरेच्या वाटेनं एकेक मान वळत गेली, आणि सगळ्यांत शेवटी हसणं थांबलं ते गोदाच्या शेजारचं.

“मना काय म्हाईत?” गोदा म्हणाली. तिचा गोल चेहरा लाल झाला होता. “मी तर समद्यांसाठी सोसत हुतंय.”

“सोसत व्हतीस खरी,” मागून कुणीतरी म्हणालं. “म्हनून अशी गुटगुटीत झालीस.”

तुळसानं तिला तांदळाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “गोदे, बोचक्याचा मना पयला कुनी सांगितलान?”

गोदा खाली बघत राहिली. 

आप्पाशेटनी हात वर केला. “झालं गेलं पऱ्यात गेलं. रसूल कुठं जात नाही आणि कोल्हापूरचा कुणी येत नाही. चला, इंजिन सुरू करा.”

रसूलनं हँडल लावलं. आज त्यानं आरोळी दिली नाही.  इंजिनानं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि भिंत थरथरू लागली. आणि सवय बघा: आता काही जाणार नाही हे डोळ्यांनी बघूनसुद्धा बायका एकमेकींच्या पाठी सरकू लागल्या. गोदा नाही म्हटल्यावर पहिलं कोण?

तुळसानं आपली टोपली उचलली. यंत्राच्या तोंडापाशी गेली, आधी आत वाकून नीट बघितलं, मग खाली वाकून नळी बघितली, मग रसूलचे दोन्ही हात बघितले. आणि ओतलं. सगळं.

तांदूळ आला तो तिनं घरून आणलेल्या पायलीनं तिथंच मोजून घेतला. एकदा मोजला. पुन्हा मोजला. काहीच बोलली नाही, म्हणजे बरोबर असावा.

“तुळसाबाय!” रसूल इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला. “आज स्टार्ट कुनाचा?”

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली चढवली. “आजचा माजा,” ती म्हणाली. “उद्याचा मना इचारू नका.” त्याला ऐकू गेलं की नाही देव जाणे, पण तो मान हलवत हसला.

ती वाडीच्या वाटेला लागली. गिरणीच्या दारातून ती वाट सरळ पऱ्यापर्यंत दिसते. सकाळी सगळ्या पाण्यातूनच आल्या होत्या; त्या वर्षीचा साकव आत्ताच घालून झाला होता, कामट्या अजून ओल्या हिरव्या होत्या. बाजार उरकून निघालेल्या वाडीतल्या चार बायका काठावर घुटमळत उभ्या होत्या, कोण पुढे होतंय म्हणून. तुळसा त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली. हातातल्या काठीनं तिनं उजवा ओंडका ठोकला, डावा ठोकला, पुन्हा उजवा ठोकला. मग डोक्यावरच्या टोपलीला एक हात लावून, तिरका पाय आधी टाकून ती निघाली. मध्यावर जराही थांबली नाही.

गिरणीच्या चौकटीत गुलाम रसूल उभा होता. एक तळवा मागे इंजिनावर होता, आणि नजर पऱ्यापलीकडे चढणीला लागलेल्या त्या टोपलीवर. रांगेच्या शेवटी गोदा बसली होती, पुढ्यात भरलेली टोपली घेऊन. ती उंच बाई आंब्यांच्या सावलीत दिसेनाशी होईपर्यंत तीही तिकडेच बघत होती.